फोमची चांगली गादी कशी पारखावी आणि जवळच्या दुकानांतून कशी घ्यावी?

कोरांटी (धागाकर्ती)

नमस्कार.

आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो आणि घरातल्या दोन गाद्या दिवाळीपूर्वी बदलायचे ठरवले आहे. पहिली आमच्या दुहेरी पलंगाची. पलंग खाली सामान ठेवण्याचा, हायड्रॉलिकने उघडणारा असून माप ७८ बाय ७२ इंच आहे. त्यावरच्या काथ्याच्या गादीला मधोमध झोळ पडला आहे आणि सकाळी उठताना आम्हा दोघांचीही कंबर धरलेली असते. दुसरी गादी सासऱ्यांच्या ७२ बाय ३६ इंचांच्या एकेरी पलंगासाठी हवी आहे. त्यांचे वय ७८ आहे, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, ते पाठीवर झोपतात आणि रात्री लघवीसाठी त्यांना उठावे लागते.

दुकानांत चौकशी केली, तेव्हा प्रत्येकाने वेगळाच शब्द पुढे केला. कोणी ऑर्थो म्हणाले, कोणी मेमरी, कोणी एचआर, कोणी लॅटेक्स. एकाच मापाच्या दोन गाद्यांच्या किमतींत दुपटीहून अधिक अंतर होते आणि ते कशामुळे, हे कोणी नीट सांगितले नाही. म्हणून येथे विचारते आहे. फोममध्ये नेमके काय पाहायचे, जाडी किती घ्यायची, आणि कंपनीचे दुकान, ऑनलाइन खरेदी व पेठेतला गादी कारखाना यांपैकी कोठे जावे? नुसते नाव सुचवण्याऐवजी कारण सांगितलेत तर आमच्यासारख्या इतरांनाही निवड करता येईल.

पेठकर

कोरांटीताई, आमच्या घरी गाद्यांचाच व्यवसाय होता. आधी कापूस पिंजून गाद्या भरल्या जात आणि पुढे फोमचे शीट कापून खोळी शिवल्या जाऊ लागल्या. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न नेहमी घनतेचा विचारावा. दुकानात ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ असे शब्द कानावर पडतात. त्याचा अर्थ एवढाच, की त्या फोमच्या एक घनमीटर ठोकळ्याचे वजन ३२ किंवा ४० किलो भरते. पॉलीयुरेथेनचा फोम दोन द्रवांच्या संयोगातून तयार होतो. पॉलिऑल आणि आयसोसायनेट एकत्र येताना त्यात थोडे पाणी असते, पाण्याची आयसोसायनेटशी प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि त्या वायूने मिश्रण पावासारखे फुगून येते. तयार झालेल्या ४० घनतेच्या फोममध्ये प्रत्यक्ष पदार्थ आकारमानाने तीन-चार टक्केच असतो, बाकी सारी हवा. साहजिकच त्या हवेभोवतीच्या भिंती जितक्या भरीव, तितका फोम वर्षानुवर्षे दाब सोसतो. रोज रात्री झोपण्याच्या गादीत ३२ च्या खालचा फोम मुख्य थर म्हणून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रौढ माणसांच्या कायमच्या वापरासाठी ४० किंवा त्यापुढचाच घ्यावा. पाहुण्यांसाठी गुंडाळून ठेवायच्या गादीला कमी घनता चालून जाते.

येथे अनेकांची एक गल्लत होते. घनता आणि कडकपणा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ४० घनतेचा फोम मऊही बनवता येतो आणि टणकही. कडकपणा मोजण्याची पद्धत वेगळी आहे: ठरावीक आकाराची चकती फोममध्ये ठरावीक प्रमाणात दाबण्यासाठी किती न्यूटन बळ लागते, ते पाहतात. दुकानात हाताने दाबून ‘बघा, किती घट्ट आहे’ असे दाखवले जाते, त्यातून कडकपणा कळतो, आयुष्य कळत नाही. हलका पण टणक फोम पहिले काही महिने छान वाटतो आणि मग जेथे कंबर येते तेथे बसत जातो.

दुकानदाराने सांगितलेली घनता खरी की खोटी, हे घरच्या वजनकाट्यावर बऱ्याच अंशी पडताळता येते. तुमच्या मोठ्या पलंगाची गादी ७८ बाय ७२ इंच आणि सहा इंच जाड धरली, तर तिचे आकारमान सुमारे ०.५५ घनमीटर होते. तेवढा फोम ४० घनतेचा असेल तर त्याचे वजन साधारण २२ किलो, ३२ चा असेल तर पावणेअठरा किलो आणि २८ चा असेल तर साडेपंधरा किलो भरेल. सासऱ्यांच्या ७२ बाय ३६ च्या पाच इंची गादीत ४० घनतेचा फोम साडेआठ किलोच्या आसपास आणि ३२ चा पावणेसात किलोच्या आसपास भरेल. खोळीचे वजन यात धरलेले नाही, ते वेगळे विचारावे. ४० म्हणून दिलेली मोठी गादी खोळीसकट सतरा किलोच भरली, तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

मात्र वजन बरोबर भरले म्हणजे फोम चांगलाच, असेही नाही. काही ठिकाणी वजन वाढवण्यासाठी मिश्रणात चुन्याच्या दगडाची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, घालतात. असा फोम काट्यावर जड असतो, पण त्याची उसळी कमी असते आणि तो लवकर भुगा होऊ लागतो. म्हणून त्याच शीटचा कापलेला तुकडा मागून घ्यावा. तो मुठीत पूर्ण दाबून सोडला की झटकन मूळ आकारात यायला हवा आणि दोन बोटांत जोराने चोळल्यावर भुकटी सुटता कामा नये. एचआर, म्हणजे अधिक उसळीचा फोम, ओळखण्याची कारखान्यातली चाचणीही उसळीचीच असते. पोलादी गोळी ठरलेल्या उंचीवरून फोमवर सोडतात आणि ती किती उंच परत येते ते मोजतात. चांगल्या एचआरवर ती निम्म्याहून अधिक उंची गाठते.

आता गादीच्या पोटातले थर. बाहेरून आठ इंच दिसणारी गादी आतून एकसंध असेलच असे नाही. तळाशी अनेकदा रीबॉन्डेड फोम असतो. फोमचे कात्रण बारीक करून, चिकटद्रव्य घालून, दाबून केलेले हे शीट रंगीबेरंगी ठिपक्यांवरून लगेच ओळखता येते. ते वाईट नसते, जड आणि टणक असते आणि आधाराचा थर म्हणून चालते. पण त्याची घनता ८०-१०० असते आणि तोच आकडा सबंध गादीचा म्हणून सांगितला जातो, तेव्हा ग्राहकाची दिशाभूल होते. त्याहून निकृष्ट म्हणजे ईपीई, म्हणजे टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येते तसले पांढरे पॉलिथिलीनचे शीट. स्वस्त गाद्यांची जाडी त्याने वाढवतात. ते एकदा चपटले की परत वर येत नाही.

यासाठी खोळीला चेन असलेलीच गादी घ्यावी आणि दुकानातच ती चेन उघडून थर पाहावेत. चारी बाजूंनी शिवून बंद केलेल्या गादीत काय भरले आहे, ते शिवणाऱ्यालाच ठाऊक.

दुकानांविषयी पुढच्या प्रतिसादात लिहितो.

वऱ्हाडी

पेठकर काकांनी पॉलीयुरेथेनची बाजू उत्तम सांगितली आहे. मी मेमरी फोमविषयी नागपूरच्या उन्हाळ्यातून लिहितो, कारण या बाबतीत हवामानाचा विचार दुकानात कोणी करत नाही.

मेमरी फोम १९६६ साली अमेरिकेत नासासाठी चाललेल्या कामातून पुढे आला. विमानाच्या आसनांत धक्का शोषला जावा, हा त्यामागचा हेतू होता. त्याचा गुणधर्मच असा, की अंगाच्या उष्णतेने तो मऊ होतो आणि शरीराच्या आकाराप्रमाणे खोल जातो. थंड देशांत ही गोष्ट सुखाची वाटते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा खोलीच इतकी तापलेली असते, की मेमरी फोम झोपण्याआधीच सैल झालेला असतो. अंग त्यात रुतते, पाठीखाली हवा खेळत नाही आणि घाम जिरत नाही. उलट डिसेंबरच्या पहाटे तोच फोम आडवे होताना कडक लागतो. कूलर लावणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे, की कूलरची हवा दमट असते आणि ती ओल गादी धरून ठेवते.

मेमरी फोम हवाच असेल तर वरचा एखादा इंच, फार तर दोन इंच घ्यावा आणि खाली घट्ट आधार ठेवावा. ‘जेल’ मिसळलेल्या फोमचा गारवा आडवे होताना जाणवतो. थोड्या वेळात तो थर अंगाइतकाच कोमट होतो. त्यासाठी फार पैसे मोजण्याची गरज मला वाटत नाही. वातानुकूलित खोलीत झोपणाऱ्यांचा अनुभव अर्थातच वेगळा असेल.

परदेशी संकेतस्थळे वाचणाऱ्यांसाठी एक हिशोब देऊन ठेवतो. तेथे घनता घनफुटाला पौंडांत सांगतात. तो आकडा १६ ने गुणला की आपला आकडा मिळतो. अडीच पौंड म्हणजे आपले ४०, आणि चार पौंडांचा मेमरी फोम म्हणजे ६४.

निशिगंध

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कंबरदुखीचे रुग्ण गादीविषयी जो प्रश्न विचारतात त्यात ‘डॉक्टर, किती कडक घेऊ?’ असेच गृहीत धरलेले असते. जमिनीवर किंवा फळीवर झोपावे, हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला आहे. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही रुग्णांना कडक आणि काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या होत्या आणि कोणाला कोणती मिळाली, हे त्यांना सांगितले नव्हते. तीन महिन्यांनंतर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांची वेदना आणि हालचालीतली अडचण अधिक कमी झालेली आढळली. म्हणून फार कडक गादीचा आग्रह मी धरत नाही.

दुकानात गादीवर नुसते बसून पाहू नका. रोज ज्या कुशीवर झोपता, त्या कुशीवर किमान दहा-पंधरा मिनिटे पडून राहा, आणि उशीही घरच्याइतक्या उंचीचीच घ्या. पाठीवर झोपल्यावर कमरेखालून हात आरपार सहज जात असेल तर गादी तुमच्यासाठी कडक आहे. हात शिरतच नसेल आणि नितंब खाली गेल्यासारखे वाटत असतील तर ती मऊ आहे. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा थोडा आत जायला हवा, नाहीतर रात्रभर तो दबतो आणि हाताला मुंग्या येतात. पती-पत्नीच्या वजनांत बराच फरक असेल तर दोघांनी एकाच वेळी झोपून पाहणे आवश्यक आहे.

सासऱ्यांच्या गादीचा विचार मात्र निराळा करावा. त्यांच्यासाठी गादीच्या कडेवर बसता आणि उठता येणे सर्वांत महत्त्वाचे आहे. कडेवर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकावेत आणि गुडघे खुब्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावेत. पलंग आणि गादी मिळून किती उंची होते, ते त्यांच्या गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंतच्या अंतराशी ताडून पाहा. आठ-दहा इंची गादी घेतली तर पाय लोंबकळतील आणि फार पातळ घेतली तर उठताना शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यावर जोर येईल. कड मऊ असेल तर रात्रीच्या झोपेत उठताना वृद्ध माणूस पुढे घसरतो. मेमरी फोम मी त्यांना सुचवणार नाही, कारण त्यात रुतलेल्या अंगाला कूस बदलायलाही बळ लागते.

‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द गादीवर छापण्यासाठी कोणत्याही अस्थिरोगतज्ज्ञाची संमती लागत नाही. तो वाचून निर्धास्त होऊ नये. आणि येथे कोणाच्या घरी पूर्ण अंथरुणाला खिळलेले रुग्ण असतील तर त्यांच्यासाठी साधी फोमची गादी पुरेशी नाही. दाब आलटून-पालटून बदलणारी हवेची गादी आणि दर दोन तासांनी कूस बदलणे, याविषयी उपचार करणाऱ्यांशी बोलावे.

कोरांटी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सासऱ्यांच्या पलंगाची उंची आजच मोजली. पलंग चौदा इंच उंच आहे आणि त्यांच्या गुडघ्याच्या मागून जमिनीपर्यंतचे अंतर साडेअठरा इंच भरले. म्हणजे चार ते पाच इंचांची गादी योग्य ठरेल, असे दिसते.

आमच्या पलंगाविषयी एक शंका आहे. त्याचा वरचा भाग सलग प्लायचा आहे, खाली पेटी बंद असते. जुनी गादी उचलली तेव्हा खालच्या बाजूला काळपट डाग आढळले. नव्या गादीचेही तसेच होईल का?

सागवेळ

ताई, ते डाग बुरशीचे असण्याची शक्यता अधिक आहे. आम्ही रत्नागिरीजवळ राहतो आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर हा त्रास घरोघरी असतो. झोपेत अंगातून निघणारा ओलावा गादीतून खाली झिरपतो आणि खाली सलग प्लाय असला की त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. आमच्या सुताराने प्लायच्या तक्त्याला सहा-सहा इंचांवर अर्धा इंच व्यासाची भोके पाडून दिली, कडा सँडपेपरने घासल्या आणि त्यानंतर डाग पडणे थांबले. पट्ट्यांचा पलंग असेल तर प्रश्नच येत नाही, मात्र दोन पट्ट्यांमधली फट तीन इंचांपेक्षा मोठी ठेवू नये, नाहीतर फोम त्यात उतरतो.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा चादर काढून गादी भिंतीला टेकवून उभी करावी आणि पंखा सोडावा. कापसाच्या गाद्यांना आपण ऊन दाखवतो, तसे फोमला दाखवू नये. थेट उन्हाने पॉलीयुरेथेन पिवळे पडते आणि वरचा थर ठिसूळ होतो. लॅटेक्सला तर ऊन त्याहूनही वर्ज्य आहे. सावलीतली कोरडी हवा पुरते.

लॅटेक्सचा विषय निघालाच आहे, तर सांगते. नैसर्गिक लॅटेक्स रबराच्या चिकापासून होते आणि आपल्या देशातले बहुतेक रबर केरळातून येते. ते लवचीक असते, त्यातल्या छिद्रांमुळे हवा खेळती राहते आणि चांगले लॅटेक्स पॉलीयुरेथेनपेक्षा पुष्कळ टिकते. परंतु ते अतिशय जड असते. तुमच्या मापाची आठ इंची गादी पूर्ण लॅटेक्सची घेतली आणि घनता ८० धरली, तर वजन ५९ किलोच्या घरात जाते. ती हायड्रॉलिकच्या झाकणासकट रोज उचलणे शक्य नाही आणि त्या दांड्यांची ताकदही आधी तपासावी लागेल. वरचा दोन इंचांचा थर लॅटेक्सचा आणि खाली फोम, अशी जोडणी अधिक सोयीची आहे. रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र लॅटेक्स टाळावे.

पेठकर

सागवेळताईंनी वजनाचा मुद्दा फार योग्य मांडला. आता दुकानांकडे वळतो.

कंपन्यांच्या दुकानांचा फायदा असा, की तेथे एकाच ठिकाणी वेगवेगळ्या कडकपणाच्या गाद्यांवर झोपून पाहता येते आणि वॉरंटीचे कागद व्यवस्थित असतात. फोमचे कारखाने मोजकेच आहेत आणि नावे पुष्कळ, हे मात्र ध्यानात ठेवावे. स्लीपवेल बनवणाऱ्या शीला फोमने २०२३ साली कर्लऑनचाही मोठा हिस्सा विकत घेतला, म्हणजे शेजारशेजारच्या दुकानांत दिसणारी दोन नावे आज एकाच समूहाची आहेत. तेव्हा नावांची तुलना करण्यापेक्षा थरांची तुलना करावी. छापील किमतीवर चाळीस-पन्नास टक्के सूट मिळाली म्हणून हुरळून जाऊ नये. कोणत्या घनतेचा, किती इंचांचा फोम, किती रुपयांना पडतो, एवढेच ताडावे.

गादी कारखान्यांविषयी लोकांच्या मनात उगाच संशय असतो. पुण्याच्या पेठांत, मुंबई-ठाण्याच्या जुन्या वस्त्यांत आणि बहुतेक तालुक्यांच्या गावी ‘गादी कारखाना’ अशी पाटी असलेले दुकान असतेच. यांपैकी अनेकांकडे नामांकित कंपन्यांच्याच फोमची शीट येतात. ते तुमच्या मापाने शीट कापतात, थर चिकटवतात आणि खोळ शिवून देतात. जुन्या सागवानी पलंगांची मापे आजच्या तयार गाद्यांच्या मापांशी जुळत नाहीत, तेव्हा तर हाच मार्ग राहतो. शीटच्या कडेवर किंवा वेष्टनावर उत्पादकाचे नाव, घनता आणि जाडी छापलेली असते. कापण्यापूर्वी ते शीट स्वतः पाहावे आणि शक्य असल्यास समोर कापून घ्यावे. वाहनांच्या आसनांची आणि सोफ्यांची कामे करणाऱ्यांना फोम पुरवणारे व्यापारीही सुटे शीट देतात, परंतु सोफ्याच्या बैठकीचा फोम आणि झोपण्याचा फोम यांचा कडकपणा वेगळा असतो, हे त्यांना आधी सांगावे लागते.

मुंबईकडच्या वाचकांना उल्हासनगरचा फर्निचर बाजार, कुर्ला आणि जोगेश्वरीचा ओशिवरा हे भाग माहीत असतील. तेथे पर्याय भरपूर आहेत, पण पलंगासोबत ‘फुकट’ मिळणारी गादी कधीही मोजून घ्यावी. बहुधा तीच सर्वांत हलकी असते.

दुकानदार पारखायची माझी रीत अशी आहे. मी त्याला तीन गोष्टी बिलावर लिहून मागतो: प्रत्येक थराचे नाव, त्याची जाडी आणि त्याची घनता. नुसते ‘सहा इंची गादी’ असे लिहिलेले बिल कामाचे नाही, कारण खोळीतले क्विल्टिंग, म्हणजे कापडाला शिवलेला मऊ थर, धरून सहा इंच आणि आत फोम पाच इंच, असा प्रकार सर्रास चालतो. जो दुकानदार न कुरकुरता हे लिहून देतो, चेन उघडून दाखवतो आणि शीटचा तुकडा हातात देतो, त्याच्याकडे दोन पैसे अधिक गेले तरी जावे. घराजवळचा असेल तर आणखी उत्तम. पुढे खोळ उसवली, वरचा थर बदलायचा झाला, तर टेम्पोने गादी नेऊन आणता येते.

जमाखर्च

वॉरंटीविषयी थोडे लिहितो, कारण दहा वर्षांची वॉरंटी म्हणजे दहा वर्षे गादी चांगली राहील असा बहुतेकांचा समज असतो.

वॉरंटीपत्र बारकाईने वाचले तर त्यात खड्ड्याची खोली दिलेली आढळते. अनेक ठिकाणी गादीवर कोणी झोपलेले नसताना एक इंच किंवा त्याहून खोल कायमचा खड्डा राहिला, तरच तो दोष मानतात. कंबरेला त्रास व्हायला अर्धा इंचही पुरतो. त्याखेरीज गादीवर डाग असला, पलंगाचा तळ योग्य नसला किंवा गादी दुमडून ठेवली असली, तर दावा नाकारला जातो. काही योजनांत पहिल्या काही वर्षांनंतर बदली गादीच्या किमतीचा वाटा ग्राहकाला द्यावा लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी धुता येणारे आच्छादन घालावे आणि पलंगाचा फोटो काढून ठेवावा.

आमच्या घरी एका विक्रेत्याकडून आलेली गादी कमरेपाशी लवकरच दबली आणि आम्ही तक्रार केली, तेव्हा बिलावर केवळ ‘मॅट्रेस, नग एक’ एवढेच लिहिलेले असल्याने आम्हाला काय विकले होते तेच सिद्ध करता येईना. पेठकर काका थर लिहून घ्यायला सांगतात त्याचे मोल येथे कळते. जीएसटीचे पक्के बिल असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही जाता येते. ऑनलाइन खरेदी करणाऱ्यांसाठी ही तरतूद फार उपयोगाची आहे, कारण विक्रेता कोणत्याही राज्यातला असू शकतो.

ऑनलाइन गादी दाबून, गुंडाळून खोक्यात येते. ती पूर्ण फुलायला एक ते तीन दिवस लागतात आणि सुरुवातीचा रासायनिक वास हवेशीर खोलीत काही दिवसांत जातो. घरी वापरून पाहण्याची मुदत देणाऱ्या कंपन्या आहेत, पण परत नेण्याचा खर्च कोणाकडे आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे मागणी नोंदवण्याआधी लेखी विचारावे. वेष्टन फाडून टाकू नये.

कोरांटी

या आठवड्यात आपण सांगितल्याप्रमाणे चौकशी केली. एका मोठ्या दुकानात चेन उघडून दाखवायला नकार मिळाला, म्हणून तेथून निघालो. दुसऱ्या ठिकाणी उघडून दाखवली, तेव्हा ‘आठ इंची ऑर्थो’ म्हणून सांगितलेल्या गादीच्या तळाशी दोन इंचांचे पांढरे ईपीई निघाले. घराजवळच्या एका गादी कारखान्याच्या मालकांनी मात्र स्वतःहून शीटवरचा छापील मजकूर दाखवला आणि दोन्ही फोमचे तळहाताएवढे तुकडे कापून दिले. पेठकर काका, तुकडे चोळून पाहिले, भुकटी सुटली नाही.

आम्ही असे ठरवत आहोत: मोठ्या पलंगासाठी खाली चार इंच ४० घनतेचा टणक फोम आणि वर दोन इंच लॅटेक्स, तर सासऱ्यांसाठी साडेचार इंच ४० घनतेचा सलग मध्यम कडक फोम. त्यांच्याच दुकानात अशा जोडणीवर आम्ही दोघे आणि सासरे झोपून पाहू शकलो. सासऱ्यांना कडेवरून आधार न घेता उठता आले. मोठी गादी दोन भागांत, ७८ बाय ३६ च्या दोन, करावी असे मालक सुचवतात, म्हणजे पलंग उघडताना हलकी पडेल. याविषयी आपले मत काय?

निशिगंध

सासऱ्यांची निवड योग्य आहे. खोळ रेक्झिनची घेऊ नका, घाम धरून ठेवते. लघवीच्या भीतीने जलरोधक आच्छादन हवे असेल तर वरून कापडी असलेले आणि काढून धुता येणारे घ्या.

पेठकर

दोन भाग करण्यास हरकत नाही. हायड्रॉलिकच्या पलंगाला तेच सोयीचे पडते आणि दोघांच्या वजनांत फरक असेल तर प्रत्येक बाजूचा फोम निराळा घेता येतो. मधली फट जाणवू नये म्हणून दोन्ही भागांच्या लगतच्या कडांना जाड पट्टी शिवू नये, साधी शिवण ठेवावी, आणि वरून दोन्हींना मिळून एक घट्ट बसणारे आच्छादन घालावे. मापात पाव इंच कमी चालेल, जास्त नको. गादी पलंगाच्या चौकटीत दाबून बसवली तर ती मध्ये फुगते. दोन थर चिकटवताना डिंक सगळीकडे थापू न देता कडेने आणि मध्ये ठिपक्यांनी लावायला सांगा. सगळीकडे थापला तर वाळल्यावर तो थर कडक होतो, हवा अडते आणि पुढे लॅटेक्स बदलायचे झाल्यास खालचा फोमही फाटतो.

एक सूचना सर्वांसाठी आहे. पॉलीयुरेथेन पेटले तर फार वेगाने जळते आणि त्याचा धूर विषारी असतो. पलंगाखाली किंवा उशाशी डासांची जळती कॉइल ठेवू नका, विशेषतः सासऱ्यांच्या खोलीत.

गादी घरी येईल त्या दिवशी टेम्पोवाल्याला थोडे थांबवून घ्या. चेन उघडून थरांची जाडी टेपने चारी कोपऱ्यांवर मोजा, प्रत्येक भाग काट्यावर ठेवा आणि आकडा बिलाच्या मागे लिहून सही घ्या. मोठ्या गादीच्या एका भागात चार इंचांचा ४० घनतेचा फोम सुमारे ७.४ किलो भरायला हवा, लॅटेक्सचे वजन त्यांनी सांगितलेल्या घनतेप्रमाणे वेगळे काढा. दुकानातून आणलेले ते दोन तुकडे टाकू नका. बिलासोबत पिशवीत घालून अंधारात ठेवा, म्हणजे चार वर्षांनी गादी दबल्यासारखी वाटली, तर न वापरलेला फोम आणि वापरलेला फोम शेजारी ठेवून दुकानदाराला दाखवता येईल.